न थांबणारा पॅन: साखरेचा दाणा सारखा वाढवायचा तर

साखर कारखाना पाहायला गेलेला माणूस गव्हाणीपाशी रेंगाळतो. मोळ्या पडतात, मिलचे रोलर फिरतात, रस वाहतो. डोळ्यांना दिसेल असं सगळं तिथे घडतं. तिथून तो थेट पोती भरतात त्या ठिकाणी जातो. मधल्या पॅन फ्लोअरवर बघण्यासारखं काही नसतं. पाक आटवून साखरेचा दाणा वाढवणारी उंच बंद भांडी, म्हणजे पॅन, वाफेचे पाईप आणि गोल काचेच्या छोट्या खिडक्या, बस्स. पण उसातली किती साखर पोत्यात जाणार आणि किती मळीबरोबर वाहून जाणार, याचा मोठा निकाल तिथेच लागतो.

हा निकाल ऊस घालणाऱ्याच्या खिशापर्यंत पोचतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली. त्यावर उतारा दर ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जास्त. उतारा मुळात उसाच्या जातीवर, वयावर, तोडणी वेळेवर होण्यावर ठरतो, हे खरंच. तरी कारखान्याच्या हातात जो भाग उरतो, त्यात पॅन फ्लोअरचा वाटा मोठा आहे.

अलीकडे अनेक कारखान्यांनी भरून-रिकामे करून चालणाऱ्या जुन्या बॅच पॅनच्या जोडीला किंवा जागी न थांबता चालणारे कंटिन्युअस पॅन बसवले. पैसा घातला, तरी अपेक्षित काम मिळत नाही अशी कुरकुर ऐकू येते. दाणा लहानमोठा येतो, पॅन वारंवार धुवावा लागतो, मळीची प्युरिटी, म्हणजे तिच्या कोरड्या ऐवजातला साखरेचा टक्का, खाली येत नाही. यावर माझं मत आधीच सांगतो. पॅनमधल्या प्रत्येक दाण्याला सारखा वेळ आणि सारखी परिस्थिती मिळाली पाहिजे, आणि कंटिन्युअस पॅनमधली जवळजवळ प्रत्येक सुधारणा या एकाच गोष्टीसाठी असते. पॅन मोठा केल्याने किंवा जास्त वाफ सोडल्याने ती साधत नाही.

पाकातून दाणा येतो कसा

रस स्वच्छ करून इव्हॅपोरेटरमध्ये आटवला की ६० ते ६५ ब्रिक्सचं सिरप मिळतं. म्हणजे १०० किलो सिरपमध्ये ६० ते ६५ किलो विरघळलेला ऐवज, बाकी पाणी. हे सिरप पॅनमध्ये आणखी आटवतात. उघड्या काहिलीत ते शंभर अंशांच्या वर उकळेल, साखर करपेल, रंग काळवंडेल. म्हणून पॅनमधली हवा काढून घेतात आणि निर्वातात पाक साधारण ६५ ते ७० अंशांवरच उकळतो. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१३ च्या सुमारास ही युक्ती काढली. आजच्या प्रत्येक पॅनचा मूळ विचार तोच आहे.

एक किलो पाण्यात ६० अंशांना साधारण २.९ किलो साखर विरघळते आणि ४० अंशांना साधारण २.३५ किलो. पाणी उडवून किंवा तापमान उतरवून या मर्यादेपेक्षा जास्त साखर पाण्यात धरून ठेवली की पाक अतिसंपृक्त होतो. थोडाच अतिसंपृक्त असेल, तर आधी असलेले दाणे वाढतात आणि नवे जन्मत नाहीत. हाच पट्टा आपल्याला हवा. त्याच्या वर गेलं की आधीच्या दाण्यांशेजारी नवे बारीक दाणे उठू लागतात, आणि आणखी वर गेलं तर दाणे नसलेल्या पाकातही आपोआप धुरळा पडतो. नको असताना उठलेल्या या बारीक दाण्यांना कारखान्यात ‘फॉल्स ग्रेन’ म्हणतात. आणि पाक मर्यादेच्या खाली गेला, तर तासन्‌तास वाढवलेले दाणे परत विरघळू लागतात.

म्हणजे पॅनमनला पूर्ण वेळ एका अरुंद पट्ट्यात राहायचं असतं. जुना अनुभवी पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढतो, थेंब काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरून पाहतो. दाण्यांच्या कडा धारदार दिसतात की गोलावलेल्या? दाण्यांच्या मधला पाक स्वच्छ आहे की त्यात धूळ दिसते? मग अंगठा आणि तर्जनीमध्ये पाकाची तार ओढून तो ठरवतो, आता फीड, म्हणजे नवा पाक, द्यायची की थांबायचं. कडा गोलावल्या असतील तर दाणा विरघळतोय. धूळ दिसली तर फॉल्स ग्रेन उठलं. एका थेंबात इतकं सगळं वाचता येतं, आणि आजच्या कुठल्याही उपकरणाची खातरजमा शेवटी याच काचेवर करावी असं मला वाटतं.

दाणे आणि त्यांच्या भोवतीचा पाक मिळून जो घट्ट राब होतो त्याला मॅसेक्विट म्हणतात. सेंट्रिफ्यूगल मशिनमध्ये फिरवून दाणे आणि मोलॅसिस वेगळे करतात. त्या मोलॅसिसमध्ये अजून साखर असते, म्हणून ते पुन्हा उकळतात. ए, बी आणि सी अशा तीन फेऱ्या होतात. सी फेरीनंतर जे उरतं ती शेवटची मळी. तिच्यात गेलेली साखर परत मिळत नाही.

बॅच पॅन थांबत थांबत चालतो

बॅच पॅन भरतो, उकळतो, घट्ट करतो, खाली सोडतो, धुतो आणि पुन्हा भरतो. सी मॅसेक्विटच्या एका स्ट्राईकला, म्हणजे पॅनच्या एका भरण्याला, सहा-आठ तास सहज लागतात. सुरुवातीला पाक पातळ असताना पॅन वाफ अधाशासारखी ओढतो. शेवटी राब घट्ट झाला की वाफ जवळजवळ लागतच नाही. असे पाच-सहा पॅन आपापल्या वेळी सुरू आणि बंद होत असले की बॉयलरपासून इव्हॅपोरेटरपर्यंत सगळ्यांना हेलकावे बसतात.

कंटिन्युअस पॅनमध्ये एका टोकाकडून बारीक दाण्यांचं सीड मॅसेक्विट सतत येतं, वाटेत प्रत्येक कप्प्यात सिरप किंवा मोलॅसिसची फीड मिळते आणि दुसऱ्या टोकाने वाढलेल्या दाण्यांचं मॅसेक्विट सतत बाहेर पडतं. काही पॅन आडवे असतात. मोठ्या पिंपासारख्या देहात बारा किंवा त्याच्या आगेमागे कप्पे. फ्रान्समध्ये फीव्ह-कायने, दक्षिण आफ्रिकेत टोंगाट-ह्युलेटने, ऑस्ट्रेलियातल्या मॅके इथल्या शुगर रिसर्च इन्स्टिट्यूटने असे पॅन विकसित केले. जर्मनीच्या बीएमएने उभा मनोरा केला. एकावर एक चार दालनं, प्रत्येकात ढवळणारा पंखा, वरून सीड आणि खालून तयार माल. आपल्याकडेही आडवे आणि उभे दोन्ही प्रकार चालू आहेत.

यात वाफेची मागणी एकसारखी राहते, हा मोठा फायदा. दुसरा फायदा पॅनमधल्या उंचीचा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

एक मीटर राबाची किंमत

समजा पॅनमध्ये राबाच्या पृष्ठभागावर १५ किलोपास्कल दाब आहे. त्या दाबाला साधं पाणी ५४ अंशांवर उकळतं. आता राबात एक मीटर खाली उतरा. मॅसेक्विट पाण्याच्या साधारण दीडपट जड असतं, त्यामुळे एका मीटरने दाब १४ किलोपास्कलने वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. २९ किलोपास्कलला पाणी उकळायला ६८ अंश लागतात. एका मीटरमध्ये १४ अंशांचा फरक! पाकातल्या साखरेमुळे प्रत्यक्ष तापमान याहूनही वर असतं, पण वरच्या आणि खालच्या थरातला फरक राहतोच.

परिणाम दुहेरी होतो. खालचा राब इतका गरम व्हावा लागतो की बाहेरची वाफ आणि आतला राब यांच्यातलं तापमानाचं अंतर घटतं, मग उष्णता शिरत नाही आणि वरच्या दाबाची महाग वाफ वापरावी लागते. दुसरं म्हणजे फिरणारा दाणा खाली गेला की गरम, कमी संपृक्त पाकात सापडतो आणि वर आला की थंड, जास्त संपृक्त पाकात. खाली तो किंचित झिजतो, वर वाढतो आणि सगळ्यात वरच्या थरात फॉल्स ग्रेनचा धोका उभा राहतो. मध्ये लावलेला थर्मामीटर मात्र एकच आकडा दाखवत राहतो.

बॅच पॅनमध्ये शेवटी राबाची उंची कॅलेन्ड्रियाच्या, म्हणजे वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या, बरीच वर जाते. कंटिन्युअस पॅनमध्ये ती कायम कमी आणि ठरलेली ठेवता येते. म्हणूनच त्याला इव्हॅपोरेटरच्या दुसऱ्या, कधी तिसऱ्या बॉडीतून (ओळीने जोडलेल्या भांड्यातून) काढलेली मवाळ वाफसुद्धा पुरते.

आता हाच फायदा कसा हातचा जातो ते पाहा. गाळप वाढलं, मोलॅसिसच्या टाक्या भरायला लागल्या की शिफ्टवर एक सोपा उपाय सुचतो: पॅनची लेव्हल चढवा, माल जास्त मावेल. माल मावतो खरा, पण खालचा थर तापतो, राबाचं फिरणं मंदावतं, बाष्पीभवन कमी होतं आणि तासाभराने पॅन आधीपेक्षा कमी माल देऊ लागतो. मग वाफेचा दाब वाढवतात. लेव्हल ठरलेल्या उंचीवर परत आणली तर पुष्कळदा तेवढ्यानेच पॅन सुटतो.

राब फिरता राहणं हा या पॅनचा प्राण आहे. पंखा नसलेल्या पॅनमध्ये राब फक्त वाफेच्या बुडबुड्यांच्या जोरावर नळ्यांतून वर चढतो आणि मधल्या किंवा बाजूच्या वाटेने खाली उतरतो. ए मॅसेक्विट पातळ असल्याने आपोआप फिरतं. सी मॅसेक्विट फार चिकट असतं, तिथे बुडबुडे कमी पडतात. म्हणून कॅलेन्ड्रियाच्या खाली भोकं पाडलेल्या पाईपमधून थोडी वाफ सोडतात. तिला जिगर स्टीम म्हणतात. तिने जास्तीचे बुडबुडे मिळतात आणि राब हलतो. पण तिच्या भोकांत साखर बसली तर काही कप्प्यांना वाफ मिळते, काहींना नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही. हंगामाआधी प्रत्येक भोक मोकळं आहे का हे पाहणं हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

कॅलेन्ड्रियातून हवा आणि न थिजणारे वायू बाहेर काढण्याच्या वाटाही अशाच दुर्लक्षित राहतात. वाफ थिजून पाणी होते, हवा थिजत नाही. ती कोपऱ्यात साचते आणि तिथल्या नळ्या गरम होत नाहीत. पॅनला वाफ मिळूनही उकळी मंद असेल, तर नवा पॅन मागण्याआधी व्हेंट (हवा जायच्या वाटा) आणि कंडेन्सेटचे (थिजलेल्या पाण्याचे) ड्रेन तपासावेत.

व्हॅक्यूमचा काटा कोल्हापुरात आणि किनाऱ्यावर

पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या कारखान्यांना खास लागू असलेली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. पॅनवरचा साधा व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवतो. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण ३० इंच पाऱ्याएवढा असतो. कोल्हापूर, पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तिथे तो साधारण २८ इंच. गेजवर दोन्हीकडे २५ इंच दिसले, तरी समुद्रकाठच्या पॅनमध्ये जवळजवळ ५ इंच दाब शिल्लक असतो आणि आपल्याकडे फक्त ३. पाणी तिथे ५६ अंशांच्या आसपास उकळेल, इथे ४६-४७ ला. काटा एकच दाखवतो आणि आत जवळपास दहा अंशांचा फरक असतो. दुसऱ्या राज्यातल्या पुस्तकी आकड्यावर पॅन चालवला, तर राब विनाकारण थंड आणि घट्ट होतो, फिरत नाही. म्हणून कंटिन्युअस पॅनला निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेशी तुलना न करता आतला खरा दाब, मोजणारा ट्रान्समीटरच हवा. हा खर्च मोठा नाही आणि त्याला फाटा देऊ नये.

आकडा कुठलाही ठरवा, तो हलता कामा नये. व्हॅक्यूम अचानक वाढला की तापमान पडतं, अतिसंपृक्तता उसळते आणि फॉल्स ग्रेन येतं. व्हॅक्यूम पडला की राब तापतो आणि दाणे विरघळतात. बॅच पॅनमध्ये अशी चूक झाली तर एक स्ट्राईक बिघडतो. कंटिन्युअस पॅनमध्ये तो बिघाड बाराही कप्प्यांत एकाच वेळी होतो आणि बाहेर पडायला काही तास घेतो. बॅच पॅन आणि कंटिन्युअस पॅन एकाच कंडेन्सरवर (पॅनमधून उठणारी वाफ थिजवणाऱ्या भांड्यावर) असतील, तर बॅच पॅन सुरू करताना दर वेळी हा हिसका बसतो. वेगळा कंडेन्सर आणि वेगळा व्हॅक्यूम पंप देणं ही खर्चिक सुधारणा आहे, पण नव्या पॅनपेक्षा ती आधी करावी.

दिंडीसारखं चालणं

आता वेळेकडे येऊ. दाणा लहान असो की मोठा, सारख्या पाकात त्याची लांबी तासाला जवळपास सारखीच वाढते. म्हणून सगळे दाणे सारखे हवे असतील, तर सगळ्यांना पॅनमध्ये सारखा वेळ मिळायला हवा. वारीत दिंड्या क्रमाने चालतात, जी आधी निघाली ती आधी पोचते, मागची पुढे घुसत नाही. पॅनमधून राब असा चालला पाहिजे.

एकच मोठं, पूर्ण ढवळलेलं भांडं असेल तर काय होईल? गणित सांगतं की त्यातला ६३ टक्के माल सरासरी वेळेच्या आधीच बाहेर पडेल आणि १३ टक्क्यांहून जास्त माल दुपटीपेक्षा अधिक वेळ आत अडकून राहील. तेच भांडं बारा सारख्या कप्प्यांत विभागलं, तर दुपटीहून जास्त रेंगाळणारा माल शंभरात एकापेक्षाही कमी होतो. कप्पे जास्त असावेत ते यासाठी. मनोऱ्यात चारच दालनं असतात, तिथे ही उणीव दालनाच्या आतली रचना, ढवळणं आणि सीडचा दर्जा यांतून भरून काढावी लागते.

कागदावर बारा कप्पे असले तरी प्रत्यक्षात ते तेवढे उरतातच असं नाही. दोन कप्प्यांमधली वाट मोठी असेल तर राब मागे परततो. वाट एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूचा कोपरा मेलेला राहतो, तिथला राब दिवसेंदिवस पडून घट्ट होतो. तो कोपरा गेला म्हणजे पॅनचं कामाचं आकारमान तेवढं घटलं. बाहेर उभं राहून यातलं काहीच दिसत नाही. ते पाहण्याची रीत आहे ट्रेसर चाचणी. सीडच्या प्रवाहात लिथियमचा क्षार एका ठरलेल्या क्षणी थोडा घालायचा आणि बाहेर पडणाऱ्या मालाचे ठरावीक वेळाने नमुने घेऊन त्यात तो किती आला ते मोजायचं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत पॅन आणि क्रिस्टलायझर (पॅननंतर राब थंड करायच्या टाक्या) अशाच चाचण्यांनी सुधारत नेले. लिथियम अपेक्षेपेक्षा फार लवकर दिसू लागला तर आडवाट आहे, फार उशिरापर्यंत रेंगाळला तर मेलेला कोपरा आहे. मग वाटेचं तोंड हलवणं, आडवी पट्टी बसवणं, कोपरा गोलावणं ही कामं ऑफ सीझनमध्ये कारखान्याचा वेल्डरसुद्धा करू शकतो. माझ्या मते हंगामात एक ट्रेसर चाचणी करणं प्रत्येक कंटिन्युअस पॅनवाल्या कारखान्याने नेमच करावा.

दाणे सारखे असण्याचा इतका आग्रह का, तर सेंट्रिफ्यूगलमध्ये मोलॅसिस दाण्यांच्या मधल्या फटींतूनच बाहेर जातं. सारख्या दाण्यांमध्ये फटी मोकळ्या राहतात. मोठ्या दाण्यांच्या फटींत बारीक दाणे बसले की वाट बुजते, मोलॅसिस अडकतं आणि ते काढायला पाणी मारावं लागतं. पाणी साखर विरघळवतं. सी मशिनच्या जाळीची फट तर ०.०६ मिलिमीटरच्या आसपास असते. त्याहून बारीक दाणे थेट मळीत जातात.

सीड बिघडलं तर

कंटिन्युअस पॅन दाणे जन्माला घालत नाही, फक्त वाढवतो. सीड बहुतेक ठिकाणी बॅच पॅनमध्येच तयार होतं. साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉल मिलवर बारीक दळून स्लरी करतात आणि मोजून पॅनमध्ये सोडतात. त्या सीडमध्येच लहानमोठे किंवा एकमेकांना चिकटलेले दाणे असतील, तर पुढचा कुठलाही कप्पा ते सुधारू शकत नाही.

सीड किती द्यायचं यात पुष्कळदा गफलत होते. दाण्याचं वजन लांबीच्या घनाने वाढतं. ०.१५ मिलिमीटरचा दाणा ०.३० चा करायचा तर त्याचं वजन आठपट व्हावं लागतं. म्हणजे बाहेर पडणाऱ्या दाण्यांच्या वजनात सीडचा वाटा एक अष्टमांश असावा. तोच वाटा एक तृतीयांश ठेवला, तर दाणा जेमतेम १.४४ पट लांब होईल. दाणा लहान येतोय म्हणून पॅन हळू चालवणारे असतात. खरं तर तिथे सीड कमी करायला हवं असतं. उलट सीड फार कमी पडलं तर साखरेला बसायला पुरेसा पृष्ठभाग मिळत नाही, पाक अतिसंपृक्त होत जातो आणि फॉल्स ग्रेन येतं. म्हणून सीडच्या पंपाला वेग बदलणारा ड्राईव्ह आणि प्रवाह मोजणारं मीटर असावं, आणि बाहेर पडणाऱ्या मालाशी त्याचं प्रमाण बांधून द्यावं. अंदाजाने व्हॉल्व्ह उघडा ठेवणं इथे परवडत नाही.

फीडचंही तसंच. सेंट्रिफ्यूगलमधून आलेल्या मोलॅसिसमध्ये जाळीतून निसटलेले बारीक दाणे असतात. ते तसेच पॅनमध्ये गेले की नको असलेलं सीड ठरतात. कंडिशनरमध्ये मोलॅसिस ७० अंशांच्या आसपास तापवून, थोडं पातळ करून ते पूर्ण विरघळवायचे. पण पाणी जपून. पॅनमध्ये एक टन पाणी उडवायला जवळपास एक टन वाफ लागते. चार बॉडींच्या इव्हॅपोरेटरमध्ये एक टन वाफेवर चारेक टन पाणी उडतं. कंडिशनरमध्ये सैल हाताने सोडलेलं पाणी ही कारखान्यातली सर्वांत महाग उकळ आहे.

प्रत्येक कप्प्याला राबाची स्थिती मोजणारा स्वतःचा प्रोब आणि स्वतःचा फीड व्हॉल्व्ह हवा. कमी प्युरिटीच्या सी मॅसेक्विटमध्ये विद्युतवाहकता मोजणारा प्रोब चांगलं सांगतो, कारण तिथे क्षार भरपूर असतात. ए मॅसेक्विटमध्ये क्षार कमी, तिथे रेडिओ लहरींवर किंवा मायक्रोवेव्हवर चालणारा प्रोब बरा. पहिल्या कप्प्यांत राब सैल ठेवून शेवटच्या कप्प्यांत घट्ट करत न्यायचा असतो. एका प्रोबवर साखरेचा थर बसला आणि त्याने चुकीचं सांगितलं, तर त्या कप्प्यातला बिघाड पुढच्या सगळ्या कप्प्यांत वाहत जातो.

साखरेचे थर

कंटिन्युअस पॅन शेवटी थांबवावा लागतो तो आत बसलेल्या साखरेमुळे. उडालेले शिंतोडे भिंतीवर वाळतात, थंड पत्र्यावर थर जमतो, त्याची ढेकळं सुटून कप्प्यांच्या वाटा आणि नळ्या बुजवतात. प्युरिटी जितकी जास्त तितका हा त्रास जास्त, म्हणून ए पॅन धुण्याची पाळी लवकर येते आणि सी पॅन त्यामानाने खूप दिवस चालतो. भिंतींना बाहेरून चांगलं इन्सुलेशन, आतून गुळगुळीत पॉलिश केलेलं स्टेनलेस स्टील, मधल्या पडद्यांना वाफेची ऊब आणि लेव्हल स्थिर ठेवणं, एवढ्याने धुण्याची पाळी बरीच लांबते. मनोऱ्याच्या पॅनचा खरा गुण इथे दिसतो. एक दालन बाजूला काढून धुता येतं आणि बाकीची चालू राहतात. आडव्या पॅनला धुताना त्याचं काम कोण करणार, याची सोय आधी करून ठेवावी लागते. निदान एक जुना बॅच पॅन मोडीत न काढता राखावा.

पॅननंतरचे तास

सी मॅसेक्विट पॅनमधून ६५ ते ७० अंशांना बाहेर पडतं तेव्हा पाकात अजून काढता येण्याजोगी साखर असते. ती उभ्या क्रिस्टलायझरमध्ये थंड करून दाण्यावर बसवतात. पाणी फिरणाऱ्या नळ्यांमधून राब एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ उतरतो आणि ४० ते ४२ अंशांपर्यंत थंड होतो. इथलं दुखणं पॅनसारखंच आहे. नळ्यांजवळचा राब थंड होऊन घट्ट चिकटतो आणि गरम राब मधून आडवाट धरतो. टाकीचं आकारमान कागदावर तीस तासांचं आणि प्रत्यक्षात बराच माल त्याच्या अर्ध्या वेळात बाहेर, असं होऊ शकतं. फार थंड पाणी सोडल्याने काम लवकर होत नाही, उलट चिकट थर वाढतो. राब आणि पाणी उलट्या दिशांनी वाहावेत, पाणी राबापेक्षा थोडंच थंड असावं. मशिनवर सोडण्याआधी राब पुन्हा ५० अंशांच्या थोडा वर तापवतात, म्हणजे तो पातळ होतो. ते तापवणं कोमट पाण्याने, हळू. वाफेने भरभर तापवलं तर दिवसभर बसवलेली साखर तासाभरात विरघळते.

हिशेब

१०० टन उसामागे साधारण साडेचार टन मळी निघते आणि तिच्यात सुमारे चार टन कोरडा ऐवज असतो. प्युरिटी ३० असेल तर त्यात १.२ टन साखर आणि २.८ टन बिगरसाखर. बिगरसाखर तेवढीच राहून प्युरिटी २९ वर आली, तर साखर १.१४४ टन उरते. १०० टनांमागे ५६ किलो वाचली. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला १५० दिवसांत ४२० टन, म्हणजे ४,२०० क्विंटल. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने ठरवलेल्या किलोला ३१ रुपये या किमान दराने धरलं तरी १ कोटी ३० लाख रुपये. उताऱ्यात ही वाढ ०.०५६ टक्के होते. वर सांगितलेल्या दराने, ती उताऱ्यात पूर्ण धरली गेली, तर टनाला सुमारे १९ रुपये.

वाफेचा हिशेब वेगळा. उसाच्या एक टक्का वाफ वाचली तर याच कारखान्यात दिवसाला ५० टन वाफ वाचते, म्हणजे वीस टनांहून जास्त बगॅस (बॉयलरमध्ये जाळायचं उसाचं चिपाड). सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्यात तो बगॅस ऑफ सीझनमध्येही वीज देतो.

२०१८ पासून बी हेवी मळीपासून, म्हणजे बी फेरीनंतरच्या मोलॅसिसपासून, इथेनॉल करायला धोरणाने वाट दिली. ज्या हंगामात बी मळी डिस्टिलरीला जाते, त्या हंगामात सी पॅन आणि क्रिस्टलायझर मोकळे राहतात आणि मळीच्या प्युरिटीचा वरचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. ए आणि बी पॅनच्या दाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने अचानक रस आणि बी मळी वळवण्यावर निर्बंध आणले तेव्हा सी फेरी पुन्हा महत्त्वाची ठरली. म्हणून बंद ठेवलेला सी पॅन नीट धुऊन, त्याचे प्रोब काढून, जिगरची भोकं साफ करून ठेवावा. आणि ऑफ सीझनच्या बजेटमध्ये नव्या पॅनची मागणी येईल तेव्हा संचालक मंडळाने आधी तीन कागद मागवावेत: चालू पॅनची ट्रेसर चाचणी, महिनाभराचा निरपेक्ष दाबाचा आलेख, आणि सीडच्या व तयार मालाच्या दाण्यांचं मोजमाप.